सहा लिटर, पाच सेकंद

फ्लशचं बटण दाबलं की पाणी येतं, भांड्यात गोल फिरतं, थोडं वर चढतं आणि घाण आहे तिथंच राहते. मग पुन्हा टाकी भरायची वाट बघायची आणि पुन्हा बटण दाबायचं. अशा दुबळ्या फ्लशपायी माणसं वैतागतात आणि पाणीही दुप्पट जातं. प्लंबरला बोलावण्याआधी एक प्रयोग करून बघा. टाकीला हातही लावू नका. अर्धी बादली पाणी घ्या, म्हणजे सात-आठ लिटर, आणि कमोडच्या वर हातभर उंचीवरून ते एका दमात ओता. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. कमोड निरोगी असेल, तर पाणी क्षणभर वर येईल, मग झरकन खाली खेचलं जाईल, शेवटी एक खोल गुडगुडाट होईल आणि भांडं स्वच्छ दिसेल. बटण दाबलं नाही, टाकीतलं थेंबभर पाणी वापरलं नाही, तरीही फ्लश झाला.

आता तेवढंच पाणी तांब्यानं, सावकाश ओतून बघा. काहीच होणार नाही. भांड्यातल्या पाण्याची पातळी जिथल्या तिथं राहील. जेवढं वरून आलं तेवढंच मागच्या वळणावरून निमूटपणे सांडून जाईल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तांब्यामागून तांबे ओतलेत तरी भांडं भरणार नाही आणि रिकामंही होणार नाही. भांडं तेच, पाणीही तेवढंच. फरक आहे तो फक्त वेळाचा.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते, की चिनी मातीच्या त्या भांड्यात एकही हलणारा भाग नाही. स्प्रिंग नाही, मोटर नाही, वीज नाही, झडपसुद्धा नाही. सगळं काम आकार करतो. भांड्याच्या तळातून निघालेली वाट आधी वर चढते, एक उंबरठा ओलांडते आणि मग खाली उतरते. फ्लश म्हणजे काय, तो दुबळा का होतो आणि घरात दुर्गंधी का येत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका वळणात आहेत.

आपल्याकडच्या जुन्या घरांत एक पितळी पेला असे. त्यात डोक्यावर बाळकृष्णाला घेतलेली वसुदेवाची मूर्ती. पेल्यात पाणी ओतत जायचं, यमुना चढत जाते. पाणी कृष्णाच्या पावलाला टेकलं, की पेल्याच्या बुडातून ते वाहू लागतं आणि पार तळापर्यंत उतरल्याशिवाय थांबत नाही. लहान मुलं डोळे विस्फारून बघत. वसुदेवाच्या मूर्तीत एक वाकडी नळी लपवलेली असते. तिचं एक तोंड पेल्याच्या तळाशी उघडतं, वरचं वळण कृष्णाच्या पावलाच्या उंचीवर असतं आणि दुसरं तोंड बुडातून बाहेर निघतं. पाणी वळणापर्यंत चढलं, नळी भरली, की उतरत्या बाजूच्या लांब नळीतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली जातं आणि मागचं पाणी आपल्याबरोबर ओढत नेतं. नळीत हवा शिरेपर्यंत हे चालू राहतं. यालाच सायफन म्हणतात. तुमच्या न्हाणीघरातला कमोड म्हणजे हाच पेला, फक्त नळी रुंद आहे आणि देव नाहीत.

नळी रुंद असल्यामुळेच वेळाचं एवढं महत्त्व. वसुदेवाच्या पेल्यातली नळी बारीक असते, ती थेंबाथेंबानं आलेल्या पाण्यानंही भरते. कमोडमधली वाट मात्र इतकी मोठी, की सावकाश आलेलं पाणी तिच्या तळाशी पातळ धार धरून निघून जातं आणि वरून हवा खेळत राहते. हवेला बाहेर हाकलायचं तर पाण्याचा लोंढा यायला हवा. ढोबळमानानं सेकंदाला दीड-दोन लिटर. आजच्या टाक्यांत पूर्ण फ्लशला साधारण सहा लिटर पाणी असतं, आणि त्यातला कामाचा भाग जेमतेम चार-पाच सेकंदांत संपतो. तेच सहा लिटर पंधरा सेकंद घेऊ लागले, की फ्लश दुबळा झाला असं आपण म्हणतो.

इथं एक भेद सांगायला हवा. अमेरिकेतले बहुतेक कमोड पूर्णपणे सायफनवर चालतात. त्यांची वाट अरुंद आणि लांब वळणांची असते, भांड्यात पाणीही खूप साठलेलं असतं. भारतात आणि युरोपात प्रचलित असलेल्या कमोडची वाट रुंद आणि आखूड. त्यात पाण्याचा धक्काच घाणीला उंबरठ्यापलीकडे ढकलतो, ओढ लागलीच तर शेवटी थोडी लागते. आपल्या बैठ्या भारतीय पद्धतीच्या पॅनमध्येही धक्काच मुख्य, फक्त वळण जमिनीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये असतं. ओढ असो वा धक्का, दोघांनाही लोंढा लागतो.

फ्लश संपल्यावर भांड्याच्या तळाशी जे पाणी उरतं, ते उरलेलं पाणी नव्हे. ते मुद्दाम ठेवलेलं पाणी आहे. वळणात अडकून राहिलेलं हे पाणी, सुमारे दोन इंच खोल, गटारातल्या हवेला तुमच्या घरात येऊ देत नाही. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचा धर्मपुत्र जॉन हॅरिंग्टन यानं १५९६ मध्ये पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या संडासाचं वर्णन छापलं होतं, पण त्याच्या रचनेत हे वळण नव्हतं. वास अडवायची नीट सोय नसलेलं ते यंत्र रुजलं नाही. जवळपास १८० वर्षांनी, १७७५ मध्ये, लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळं बनवणाऱ्या कारागिरानं भांड्याखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळवली आणि तिचं पेटंट घेतलं. घड्याळजीला दात्यांची, स्प्रिंगांची सवय. त्यानं मात्र इथं दाराच्या जागी पाणीच ठेवलं, जे घाणीला वाट देतं आणि हवेला देत नाही, जे प्रत्येक वेळी स्वतःच नवं होतं. अडीचशे वर्षांत यावर कुणाला फार सुधारणा करता आलेली नाही.

त्या दोन इंच पाण्याची किंमत हाँगकाँगनं २००३ मध्ये मोजली. सार्सची साथ सुरू असताना अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात असं दिसलं, की बऱ्याच घरांत न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. लोक फरशी धूत नव्हते, पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच जात नव्हतं. एक्झॉस्ट पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा त्या कोरड्या वाटेनं घरात ओढली जाई. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेल्यांना परतल्यावर येणारा कुबट वास याच कारणानं येतो. वळणातलं पाणी वाळलेलं असतं. कमोडमध्ये आणि नहाणी ट्रॅपमध्ये एकेक तांब्या पाणी टाकलं की तो थांबतो. निघतानाच नहाणी ट्रॅपमध्ये चमचाभर गोडंतेल टाकून ठेवलं, तर ते पाण्यावर तरंगतं आणि बाष्पीभवन मंदावतं.

आता बादलीकडे येऊ. तिनं घरातल्या सगळ्या शक्यतांचे दोन भाग केले आहेत. बादलीचं पाणी झरकन गेलं, तर पुढची वाट मोकळी आहे आणि दोष टाकीत किंवा टाकीपासून भांड्यापर्यंतच्या रस्त्यात आहे. पाणी वर चढून रेंगाळत उतरलं, तर टाकी निर्दोष आहे आणि वाट पुढं अडली आहे. एवढं कळलं तरी निम्मा खर्च वाचतो. तुंबलेल्या पाइपापायी टाकीचा सगळा संच बदलणारी आणि सैल साखळीपायी फरशी फोडायला काढणारी घरं आपल्या आसपास कमी नाहीत.

समजा, दोष टाकीकडे आहे. टाकीचं झाकण उचला. किळस वाटायचं कारण नाही, त्यातलं पाणी नळाचंच असतं. आत एक तरंगणारा गोळा किंवा पेला दिसेल. पाणी चढतं तसा तो वर जातो आणि ठरलेल्या पातळीला नळ बंद करतो. पाणी उतरलं की तो उतरतो आणि नळ उघडतो. आजच्या यंत्रांत ज्याला स्वयंचलित नियंत्रण म्हणतात, त्याचं हे मूळ रूप. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पाणघड्याळात तरंगती झडप वापरली होती. घराच्या टाकीतल्या बॉल कॉकचं श्रेय मेक्सिकोच्या होसे अन्तोनियो अल्साते या विद्वान धर्मगुरूला दिलं जातं, साल १७९०. काहीही न मोजणारं, काहीही न कळणारं हे उपकरण दर वेळी टाकी नेमकी तेवढीच भरतं.

हा तरंगता भाग खाली सरकलेला असेल, तर टाकी अर्धीच भरते. पाण्याची पातळी मधल्या उभ्या नळीच्या तोंडाखाली साधारण इंचभर असावी. पाणी वाचवायचं म्हणून कुणी टाकीत वीट किंवा भरलेली बाटली ठेवली असेल, तर ती काढा. जुन्या दहा-बारा लिटरच्या टाकीत ते चाललं असतं, सहा लिटरच्या टाकीत नाही. विटेची माती झिजून खालच्या वॉशरखाली अडकते, ते वेगळंच. वॉशर झिजला की टाकी रात्रभर झिरपत राहते आणि सकाळच्या पहिल्या माणसाला अर्धा फ्लश मिळतो. झिरप डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खाण्याचा रंग किंवा बिटाचा रस टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी रंगलं, तर वॉशर बदलायला झाला आहे. आणि बटण दाबल्यावर खालची झडप पूर्ण उचलली जाते का, तेही झाकण काढलेलं असतानाच बघून घ्या. ती अर्धवट उघडली किंवा लगेच मिटली, तर पाणी भरपूर असूनही लोंढा होत नाही.

टाकीच्या उंचीचाही यात मोठा वाटा आहे. इटलीच्या एव्हांजेलिस्टा टॉरिचेल्लीनं सतराव्या शतकात दाखवून दिलं, की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग ते पाणी तेवढ्या उंचीवरून मोकळं पडलं असतं तर जेवढा झाला असता, तेवढाच असतो. मुंबईतल्या जुन्या चाळींत डोक्यावर सहा फुटांवर बसवलेली बिडाची टाकी आणि लोंबणारी साखळी अनेकांना आठवत असेल. तिथून येणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून दिलं तर, सेकंदाला सहा मीटरच्या आसपास भरतो. आजच्या कमोडमागच्या टाकीत पाणी फार तर दीड फूट उंचीवर असतं, वेग तीन मीटरच्याही आत. ही तूट भरून काढायला पाइप रुंद केला. उंच टाकीचा सव्वा इंची, खालच्या टाकीचा दीड इंची किंवा त्याहून मोठा. वेग कमी झाला तर वाट मोठी करा म्हणजे दर सेकंदाला तेवढंच पाणी पोचेल, असा हा साधा पण सुंदर हिशेब.

त्या बिडाच्या टाकीत आणखी एक गंमत होती. तिच्या तळाला वॉशरच नव्हता. साखळी ओढली की आतली जड घंटा हलायची, पाण्याचा एक हबका मधल्या उभ्या नळीत चढायचा आणि सायफन सुरू व्हायचा. साखळी सोडून तुम्ही बाहेर आलात तरी टाकी पार रिकामी होई. झडप नसल्यामुळे झिरपायला जागाच नाही. ब्रिटननं याच कारणासाठी शंभराहून अधिक वर्षं सायफनच्या टाक्यांचाच आग्रह धरला आणि झडपेच्या टाक्यांना परवानगी दिली ती थेट २००१ पासून. तिथं आता झिरपणाऱ्या कमोडांचं पाणी ही नवी डोकेदुखी आहे.

काही घरांत टाकी नसते, भिंतीत फ्लश व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारा जाड पाइप थेट कमोडला. इथं हिशेब बदलतो. खालच्या मजल्यावर जोर भरपूर, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथं गच्चीवरची टाकी अवघ्या काही फुटांवर आहे, तिथं फ्लश मरगळलेला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेण्यापेक्षा साधी टाकी बसवून घ्यावी. टाकीच्या फ्लशला इमारतीचं प्रेशर लागत नाही. प्रेशर कमी असेल तर टाकी सावकाश भरते एवढंच, फ्लश मात्र तेवढाच जोरदार होतो.

टाकी भरलेली, झडप ठीक, बादलीही पास, आणि तरी फ्लश दुबळा? मग छोटा आरसा घेऊन भांड्याच्या काठाखाली बघा. तिथं गोलाकार छिद्रांची ओळ असते. पाणी त्यातून तिरपं सुटतं म्हणून भांड्यात फिरतं आणि सगळी भिंत धुतं. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक असतात. पाणी वाळतं, क्षार उरतात आणि छिद्रं वर्षागणिक बुजत जातात. नळावर आणि फरशीवर जो पांढरा थर बसतो, तोच इथं नजरेआड साचत असतो.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा. आम्लानं तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवा. उकळतं पाणी नको, भांड्याला तडा जाऊ शकतो. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा आणि हे पाणी टाकीतल्या मधल्या उभ्या नळीत ओता. ते थेट काठाखालच्या पोकळीत उतरतं. रात्रभर राहू द्या, सकाळी छिद्रं जुन्या टूथब्रशनं आणि प्लास्टिकच्या काडीनं मोकळी करा. फार जुना थर असेल तर दोन-तीनदा करावं लागेल.

एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. बाजारातल्या संडास धुण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, एकापाठोपाठ एकही टाकू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. न्हाणीघराची खिडकी लहान, दार बंद, आणि वाकून घासणारं माणूस बहुधा घरातली बाई किंवा कामाला येणाऱ्या ताई. त्यांना हे सांगितलेलं असायलाच हवं.

आता बादलीचा दुसरा निकाल घेऊ. पाणी चढलं आणि रेंगाळलं. वाट अडली आहे. टॉयलेट पेपर सहसा तुंबवत नाही, कारण त्याचे तंतू आखूड असतात आणि भिजल्यावर एकमेकांना सोडतात. ओल्या वाइप्स भिजूनही टिकाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांत पाणी शोषणारे पॉलिमरचे कण असतात. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगतात, आणि हे फुगणं नेमकं वळणात होतं. यातलं काहीही कमोडमध्ये टाकू नये.

मोकळं करायला रबरी पंप. बहुतेक लोक तो जोरजोरात दाबतात, पण खरी करामत ओढण्यात आहे. दाबलं की अडकलेलं कापड आणखी घट्ट बसतं. ओढलं की पंपाखालचा दाब उतरतो आणि अडथळ्यापलीकडची हवा त्याला मागं रेटते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्यातला छोटासा अंश हाती लागला तरी कापड सुटतं. यासाठी पंपाच्या वाटीत पाणी असायला हवं, हवा नाही. पाणी दबत नाही, म्हणून हाताचा जोर जसाच्या तसा पुढं पोचतो. हवा दबते आणि जोर तिथंच जिरतो. म्हणून भांड्यात वाटी बुडेल एवढं पाणी ठेवा, पहिला दाब हलका द्या म्हणजे आतली हवा निघून जाईल, आणि मग झटके द्या. कमोडसाठी खाली जादा ओठ असलेला पंप मिळतो, बैठ्या पॅनला साधा चालतो. पंपानं नाही झालं तर स्प्रिंगची लांब केबल आत घालणारा माणूस बोलवावा. ॲसिड ओतून कापड विरघळत नाही, आणि नंतर पंप मारणाऱ्याच्या तोंडावर मात्र ते उडू शकतं.

कधी वाट मोकळी असते, पण हवा अडलेली असते. चार इंची पाइपातून पाणी खाली कोसळतं, तेव्हा ते पुढची हवा ढकलत नेतं आणि मागं पोकळी सोडतं. ती भरायला वरून हवा मिळायला हवी, म्हणून तो पाइप गच्चीच्याही वर नेलेला असतो आणि त्यावर जाळीची टोपी असते. ही वाट बुजली, तर पोकळी आपली भूक ट्रॅपमधल्या पाण्यावर भागवते. वरच्या घरात फ्लश झाला, की खालच्या घरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये बुडबुड ऐकू येते, आपला फ्लश मंदावतो, मधूनच वास येतो. अशा वेळी प्लंबरआधी गच्ची गाठावी. टोपी तुटून पाइपात कबुतरांनी काड्या टाकल्या असतील, किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांनी पाइपाचं तोंड सिमेंटनं लिंपलं असेल. वास येतो म्हणून कुणी हौसेनं प्लास्टिकची पिशवीही बांधून ठेवतं. हवेची ही वाट सगळ्या इमारतीची असते, ती कुणी बुजवू नये.

एकाच उभ्या पाइपावरची दोन-तीन घरं एकदम तुंबली, तर दोष खाली चेंबरमध्ये आहे. इथंही बादलीसारखीच युक्ती चालते. घराजवळच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडा. आत पाणी साठलं असेल तर अडथळा त्याच्यापुढं, चेंबर रिकामं असेल तर घर आणि चेंबर यांच्यामध्ये. जमिनीखालच्या चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार द्यावा, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, असा गवंड्यांचा आणि इंजिनिअरांचा जुना हिशेब आहे. जमीन खचून हा उतार बिघडला, की त्याच जागी पुन्हा पुन्हा तुंबतं. कितीही वेळा साफ करा, पाइप उखडून नव्यानं टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं.

फ्लश जोरदार व्हायला पाणी जास्तच लागतं, हा समज अमेरिकेनं आधी खरा आणि मग खोटा करून दाखवला. १९९२ च्या कायद्यानं तिथं फ्लशचं पाणी सुमारे सहा लिटरवर आणलं. कंपन्यांनी जुन्याच भांड्यांना कमी पाणी दिलं आणि लोक दोनदा फ्लश करू लागले. २००३ मध्ये उत्तर अमेरिकेत कमोडांची नवी चाचणी सुरू झाली, ती सोयाबीनच्या पेस्टनं. वजन, घट्टपणा, ओलावा खऱ्यासारखा. एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातं ते मोजायचं आणि आकडे सगळ्यांना दिसतील असे मांडायचे. त्यानंतर भांड्यांच्या वाटा गुळगुळीत झाल्या, वळणं बदलली, झडपा रुंद झाल्या. आज तिथं ४.८ लिटरमध्ये किमान ३५० ग्रॅम नेणाऱ्या कमोडलाच पाणी वाचवणारा म्हणून सरकारी शिक्का मिळतो.

याहून थक्क करणारं काम भारतात झालं. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुलभ ही संस्था सुरू केली. त्यांच्या दोन खड्ड्यांच्या संडासाचं पॅन २५ ते २८ अंश उताराचं असतं आणि ट्रॅपमध्ये पाणी अवघं २० मिलिमीटर. उतार तीव्र, उंबरठा ठेंगणा, त्यामुळे दीड लिटर पाणी पुरतं. टाकी नाही, नळ नाही, हातातलं एक भांडं पाणी. आकार नीट कळला, की साडेचार लिटर पाण्याचं काम उतारच करतो.

फ्लश झालेलं जातं कुठं, हे विसरणं लंडनला महाग पडलं होतं. संडास घरोघर आले, पण सगळं थेम्समध्ये. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीनं संसद चालणं मुश्कील झालं, आणि मग जोसेफ बॅझलगेटची भुयारी गटारं बांधली गेली. आपल्या लहान गावांत आणि शहरांच्या कडेला अजून सेप्टिक टँकच आहेत. घरातले सगळेच निचरे हळूहळू मंदावले, पंप आणि केबल दोन्ही चालेनात, तर टँक गाळानं भरला असण्याची शक्यता मोठी. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरला नगरपालिकेची गाडी तक्रारीची वाट न बघता, दर तीन वर्षांनी, ठरल्या क्रमानं घरोघरचे टँक उपसते. सगळ्या गावांनी हे उचलावं असं मला मनापासून वाटतं. कारण तुंबल्यावर घाईत माणूस आत उतरवला जातो. टँकमधला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर नाकाची संवेदनाच बधिर करतो, उतरणाऱ्याला धोक्याचा वासही येत नाही. २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवला आहे. अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिला. गाडीच बोलवायची, दुसरा पर्याय नाही.

देहूला सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी तर या टँकची चूल केली. संडासाला जोडलेला त्यांचा गोबरगॅससारखा संच स्वयंपाकाला गॅस देतो. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या संचात फ्लशचा प्रश्न उलटा होतो. आतल्या जिवाणूंना काम करायला दिवस लागतात, आणि दर खेपेला दहा लिटर पाणी ओतलं तर मैला कुजण्याआधीच पुढं ढकलला जातो. म्हणून तिथं तीव्र उताराचं पॅन आणि दीड-दोन लिटर पाणीच हवं. ब्लीच आणि ॲसिड या जिवाणूंना मारतात. ज्यांचा संडास अशा संचाला किंवा सेप्टिक टँकला जोडलेला आहे, त्यांनी रोजच्या सफाईला ब्रश आणि साबणाचं पाणी वापरावं, आणि क्षारांसाठी लिंबूसत्त्व, तेही काठापुरतं.